चौकशीवाले जानराव आणि उजेडाचे ठिपके

शेलूबाजारच्या पंचक्रोशीत कुठंही सोयरीक जमायला लागली की घरातलं कोणीतरी म्हातारं माणूस खाकरून विचारायचंच, "ते सारं ठीक हाय, पन जानराव जाऊन आले काय?" जानराव जाऊन आले नसतील तर सुपारी फुटत नसे. मुलगा तहसीलदार असो की मुलगी सोन्याची मूर्ती असो, जानरावांच्या चाळणीतून गेल्याशिवाय लग्न लागणार नाही, असा रिवाजच पडून गेला होता.

जानराव पूर्वी शेलूबाजार ते मंगरूळपीर अशी काळीपिवळी जीप चालवायचे. बारा गावची माणसं पाठीमागं बसून बोलायची आणि पुढं जानराव आरशात त्यांची तोंडं पाहत ऐकायचे. त्यातून ही विद्या आली. जीप मोडीत निघाली, विद्या राहिली. तशी ती त्यांच्या स्वभावातच होती म्हणा. दुधात बोट बुडवल्याशिवाय त्यांनी कधी दूध घेतलं नाही. डॉक्टरनं सुई भरली की "बाटली दाखवा" म्हणून हात पुढं. रंगूबाई, म्हणजे त्यांची बायको, चारचौघांत म्हणायची, "ह्या बुढ्यानं सोताच्या लग्नाची चौकशी केली असती त कुवाराच राह्यला असता."

चौकशीला गेले की जानरावांचे कायदे ठरलेले. ज्या घराची चौकशी करायची त्या घराच्या पुढच्या दारानं जायचं नाही आणि त्या घरचं पाणी प्यायचं नाही. पाणी प्यालं की माणूस मिंधा होतो. सुरुवात करायची ती सलूनपासून. खुर्चीत बसून भलताच प्रश्न टाकायचा, "इथं पांडुरंग गवंडी कुठं राह्यते हो?" असा गवंडी गावात नसतोच. मग लोक दुसऱ्या पांडुरंगाचं सांगतात, त्याच्या शेजाऱ्याचं सांगतात, आणि बोलता बोलता आपल्याला हवं ते घर आपोआप येतं. शेवटी मागच्या अंगणावरून एक चक्कर. "पुढच्या आंगनात रांगोळी कोनीबी काढते," ते सांगायचे, "घर पाहाचं त मांगून."

सगळ्यात मोठा कायदा मात्र निराळाच होता. घरच्यानं घरच्याचं चांगलं सांगितलं तर कान झाडून टाकायचे. घरच्यानं घरच्याचं वाईट सांगितलं तर सोळा आणे खरं धरायचं आणि परतीची गाडी पकडायची.

अशा माणसाच्या घरात निकिता जन्माला आली. भागवतची, म्हणजे जानरावांच्या मुलाची, एकुलती पोर. वाशिमच्या कॉलेजातून भौतिकशास्त्र करून ती पुण्याच्या एका संशोधन संस्थेत गेली, आणि गेली ती अजून शिकतच होती. गावातले लोक विचारायचे, "नात काय करते?" भागवत सांगायचा, "शिकून राह्यली." पुढच्या वर्षी पुन्हा तेच. लोक "अजूनबी?" म्हणून पुढं जायचे. पण जानरावांच्या मनात किडा वळवळायचा. इतकी वर्षं शिकायला असतं तरी काय? नापास होत असेल काय? की नोकरी आहे आणि सांगत नाही? घरी आली की पोर मुकी. विचारलं तेवढ्याचं उत्तर, तेही हो किंवा नाही. मागच्या अंगणात मैत्रिणीशी फोनवर बोलताना मात्र खदखदून हसायची, आणि उंबरठ्यात पाय ठेवला की हसणं बाहेरच्या खुंटीला टांगून आत यायची. जानरावांनी हे हेरून ठेवलं होतं. घरात गप्प आणि घराबाहेर हसरी, हे लक्षण त्यांनी दुसऱ्यांच्या मुलींत पाहिलं असतं तर केव्हाच नापसंतीचा शेरा मारला असता.

तिचं लग्न जुळत होतं ते अनसिंगच्या सोपानशी. दोघं वाशिमला एका वर्गात होते. तो आता वाशिमलाच मुलांना शिकवत होता. निकितानं ही गोष्ट फक्त आजीच्या कानात घातली होती. करीन तर याच्याशीच, आणि दोन्ही घरं हो म्हणाली तरच, पळून बिळून नाही. सोपानचंही तसंच होतं. त्याचे वडील ग्यानबा घरी येऊन पोरीला पाहून गेले होते, चहा पिऊन "कळवतो" म्हणून गेले होते. म्हणजे आता गाडी चौकशीवर अडली होती. सगळं त्यावर होतं, हे रंगूबाईला कळत होतं.

मधल्या काळात गावच्या शाळेनं विज्ञान दिनाला बोलायला म्हणून निकिताला बोलावलं. ती आली, आणि तिची बॅग जानरावांच्या नजरेस पडली. बॅगेची चेन अर्धी उघडी होती. ती तशीच राहू देणं जानरावांच्या पिंडातच नव्हतं.

आत कापसात गुंडाळलेल्या काचेच्या तीन नळ्या निघाल्या. तोंडं पक्की बंद केलेली. आत पातळ चहाच्या रंगाचं काहीतरी. एक नळी खिडकीशी धरून जानराव एक डोळा मिटून पाहत होते, तेवढ्यात निकिता आली.

"आबा, ते खाली ठेवा."

"हे काय होय?"

"उद्या शाळेत दाखवाचं हाय. क्वांटम डॉट म्हनतात त्याले. ठिपके. लई बारके, डोयानं दिसत नाहीत."

"दिसत नाहीत," जानराव म्हणाले, "त हायेत कायवरून?"

निकिताच्या तोंडावर जरासं हसू आलं. तिनं खिडकी लावली, दार लोटलं आणि बॅगेतून एक छोटा टॉर्च काढला. त्याचा उजेड जांभळट, जेमतेम दिसणारा. तो नळ्यांवर पडताच एक नळी निखाऱ्यासारखी लाल झाली, दुसरी हिरवीगार, तिसरी निळी. जानराव एक पाऊल मागं सरले.

"रंग टाकला असंन."

"नाही टाकला. तिन्हीत मालबी एकच हाय. दाना थोडा मोठा केला की लाल उजेड देते, बारका केला की निळा."

"आन् हे करून काय भेटते?"

आता मात्र पोरगी खुलली. जानरावांनी तिला इतकं बोलताना कधी ऐकलंच नव्हतं. नळीतले ठिपके ही तर नुसती ओळख आहे, म्हणाली, तिचं काम वेगळंच. नखाएवढ्या एका चकतीवर केसाहून शेकडो पट बारीक अशी भोकं रांगेनं पाडायची आणि मधोमध एकच ठिपका ठेवायचा. ठिपका उघड्यावर असला की उजेड चहूकडे उधळतो, विहिरीचं पाणी नुसतं वावरात सोडावं तसा. भोकांची रांग बरोबर पाडली की तोच उजेड पाटाच्या दांडातल्या पाण्यासारखा आपण म्हणू त्या वाटेनं जातो. एका वेळी एकच कण, त्याच्यामागून दुसरा.

"आन् आबा, भोकं अशीबी पाडता येतात का ठिपका उजेड देतच नाही. कितीबी पेटवा."

"मंग मेला असंन."

"मेला नसते. तो चांगलाच असते. त्याच्या आजूबाजूले उजेडासाठी जागाच ठेवली नसते. त्याच जातीचा ठिपका दुसरीकडं ठेवला का लख्ख पेटते."

जानराव हसले. "हे त नाचता येईना आंगन वाकडं झालं!"

निकिता हसली नाही. "आमाले तेच शोधाचं असते," ती म्हणाली. "दिवसभर अंधाऱ्या खोलीत दार लावून बसा लागते. उजेडाचा एक एक कन मोजाचा असते. बाहेरची तिरीप आली का सारं वाया."

अंधारी खोली आणि लावलेलं दार. एवढे दोन शब्द जानरावांच्या कानात शिरले आणि आधीचं सगळं कानाबाहेर गेलं.

"आन् कोन कोन असते त्या खोलीत?"

निकितानं टॉर्च बंद केला. तिन्ही नळ्या पुन्हा चहाच्या रंगाच्या झाल्या. तिनं त्या कापसात गुंडाळल्या, बॅगेची चेन शेवटपर्यंत ओढली आणि आजीला चपात्या लाटू लागायला निघून गेली. शाळेचा कार्यक्रम झाला. पोरांनी अंधार केलेल्या वर्गात आरडाओरडा करून छप्पर डोक्यावर घेतलं म्हणे. जानराव गेले नाहीत. त्या वेळी ते मुन्नाच्या सलूनमध्ये दाढीला बसले होते. दाढी होईपर्यंत सोयाबीनच्या, राजकारणाच्या आणि घरच्या चार गोष्टी झाल्या. संध्याकाळच्या गाडीनं निकिता पुण्याला परतली.

पुढं काही दिवसांनी अनसिंगहून भागवतला फोन आला. पोराच्या मामाचं म्हणणं पडलं की एक वर्ष थांबावं. तुमची पोरगी तशी लाखात एक आहे हो, पण मामाचा शब्द मोडवत नाही.

भागवत म्हणाला, "एका वर्षाचाच त प्रश्न हाय, बाबा."

 ही मामाची थाप जानरावांनीच घडवलेली होती. चौकशीत खोट निघाली की पोरीच्या बापाचं काळीज दुखू नये म्हणून काय सांगायचं, हे त्यांनी कित्येक घरांना शिकवलं होतं. मामा म्हणजे नकार, एक वर्ष म्हणजे कायमचं. त्यांच्या नातीत खोट निघाली होती. कोणीतरी शेलूबाजारात येऊन चौकशी करून गेलं होतं, आणि जानरावांना पत्ता नाही!

भागवतनं निकिताला कळवलं तेव्हा ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. रात्री रंगूबाईनं स्पीकर लावून तिला फोन केला, जेवण झालं का विचारलं. मग निकिता म्हणाली, "आजी, लोकांनं काय सांगतलं असंन वं माह्याबद्दल?" रंगूबाईनं पदर तोंडाला लावला. खाटेवर जानराव ऐकत होते. आपल्या घराची अशी बेअब्रू कोणी केली ते शोधल्याशिवाय अन्न गोड लागणार नाही, असं त्यांनी मनात ठरवलं. त्यांना राग आला होता, आणि त्या रागाच्या तळाशी पोरीच्या त्या प्रश्नानं काहीतरी टोचत होतं.

मग सुरू झाली चौकशीची चौकशी. गाव तेच होतं, पण जानरावांना प्रत्येक तोंड चोराचं दिसू लागलं. पहिला संशय शेताच्या शेजाऱ्यावर. बांधावरच्या बाभळीवरून त्याच्याशी तंटा होता. तो नेमका आता भेटला की जास्तच गोड बोलायचा. गोड बोलतो म्हणजे नक्की याचंच काम. जानरावांनी त्याच्या गड्याला बिडी पाजून आडून आडून विचारलं, तर तो शेजारी आदला महिनाभर मुलाकडं अमरावतीला होता, कालपरवाच परतला असं निघालं. दुसरा संशय पिठाच्या गिरणीवर. तिथं बायका जमतात आणि दळणाबरोबर माणसंही दळतात. पण गिरणीवाली उलट यांच्यावरच उखडली. "तुमच्या नातीनं माह्या पोराले शाळेत लाल हिरवा उजेड दाखवला. तवापासून तो रोज अभ्यासाले बसते. मी कायले वाईट बोलू?" जानरावांना तिचाही भरवसा वाटला नाही. इतकी चांगली बाजू घेते म्हणजे काहीतरी लपवत असणार.

बाजारपेठेत युनूसचं कापडाचं दुकान. युनूस जुना माणूस, जानरावांच्या जीपच्या काळापासूनचा. त्याच्या गादीवर बसून जानरावांनी बराच वेळ पावसापाण्याच्या गोष्टी केल्या. युनूस हसला.

"जानरावभाऊ, सीधी बात इचारा ना. अनसिंगचा मानूस आलता बाजाराच्या दिवशी. एक दुपट्टा घेतला. मी त निकिताबेटीची तारीफच करनार होतो, पन त्यानं तिचं नावच नाही काढलं."

"मंग काय इचारलं?"

"इचारत होता, पांडुरंग गवंडी कुठं राह्यते म्हनून."

जानराव गादीवरून पुढं सरकले. "दिसाले कसा होता?"

"सावळा, उंच. कानात बाली. अन् जाताना दुपट्टा खांद्यावर टाकून सलूनकडं गेला."

सेवादास! जानरावांच्याच जीपवर क्लीनर होता, तांड्यावरचं चुणचुणीत पोरगं. आता अनसिंगकडं राहत होता आणि तिकडची चौकशी तोच बघायचा. सलूनपासून सुरुवात, पांडुरंग गवंडी, घरासमोर न फिरकणं, सगळं जानरावांनीच शिकवलेलं. शिष्यानं गुरूच्या घरावर गुरूचीच विद्या चालवली होती. एका बाजूनं जानरावांना संताप आला आणि दुसऱ्या बाजूनं, खोटं कशाला बोला, पोरगं बरोबर शिकलं याचं जरा बरंही वाटलं. ते तसेच सलूनमध्ये गेले. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मुन्नानं खुर्ची झटकली, गळ्याभोवती कापड बांधलं आणि फेस लावायला घेतला.

"मुन्ना, बाजाराच्या दिवशी सेवादास आलता?"

ब्रश थांबला. "आलता."

"माह्या नातीबद्दल वाईट कोन बोललं त्याच्याजवय?"

"जाऊ द्या ना आबा."

"नाव सांग."

"तुमाले राग येईन."

"नाव सांग म्हनतो ना!"

मुन्नानं आरशात त्यांच्याकडं पाहिलं. "तुमीच."

जानरावांना वाटलं, पोरगं थट्टा करतं आहे. पण मुन्नाचा चेहरा थट्टेचा नव्हता.

"याच खुर्चीत बसून म्हनले होते तुमी, शाळेत तिचा कार्यक्रम होता तवा. पोरगी दिवसभर अंधाऱ्या खोलीत दार लावून बसते, कोनासंग बसते ते सांगत नाही, बाटल्यात रंगीत पानी भरून आनते, मले त भरोसा नाही बावा. सेवादासनं गोष्टी गोष्टीत काढलं माह्यापासून. मी पह्यलं तारीफच केली. मंग त्यानं इचारलं, घरचे काय म्हनतात? मी म्हनलं, आजा त असं असं म्हनते. झालं. उठला, दुपट्टा खांद्यावर टाकला आन् गेला. पुढं कोनालेच इचारलं नाही त्यानं."

विचारणारच नाही. घरच्यानं वाईट सांगितलं की परतीची गाडी पकडायची. सेवादासच्या जागी जानराव असते तर त्यांनीही हेच केलं असतं.

जानराव खुर्चीत बसून राहिले. गालावरचा फेस वाळून चरचरू लागला. आपण हे बोललो होतो हे त्यांना आठवतसुद्धा नव्हतं. संशय घेणं त्यांना श्वास घेण्यासारखं झालं होतं, कोण लक्षात ठेवतो? पोरीचं आयुष्य एका दाढीत उडवलं, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. वाळलेला फेस तसाच पुसून ते घरी आले. रंगूबाईला त्यांनी सगळं सांगितलं. ती एकच वाक्य बोलली, "आता मले नका सांगू, जिथं सांगाचं तिथं सांगा."

दुसऱ्या दिवशी जानराव वाशिमला गाडी बदलून अनसिंगला गेले. आयुष्यात पहिल्यांदा ते सोयरिकीच्या घराच्या पुढच्या दारात उभे राहिले. ग्यानबानं आदरानं आत घेतलं, पाणी दिलं. जानराव ते पाणी गटागटा प्याले. सेवादासला बोलावणं गेलं. तो आला, "उस्ताद" म्हणून पायाला हात लावला आणि मान खाली घालून बसला.

"आमचं काही म्हननं नाही जानरावभाऊ," ग्यानबा म्हणाला, "फक्त पोराच्या मामाचं..."

"तो मामा माहाच हाय," जानराव म्हणाले. "ते राहू द्या. मी एवढंच सांगाले आलो, माही नात चांगली हाय. तिच्यात खोट नाही."

ग्यानबानं सेवादासकडं पाहिलं. सेवादास अवघडून म्हणाला, "उस्ताद, तुमीच त शिकवलं. घरच्यानं चांगलं सांगतलं त कान झाडून टाकाचे."

जानरावांनी मान हलवली. त्यांनीच खणलेला खड्डा होता, आणि चांगला खोल खणला होता. सलूनमधला वाईट शब्द सोळा आणे आणि आजचा चांगला शब्द शून्य. घरातून कोणीही येऊन काहीही चांगलं सांगितलं तरी निकितावरचा डाग निघणार नव्हता. त्यांनी रिकामा तांब्या बाजूला सारला. मग म्हणाले,

"आन् घरच्यानं घरच्याचं वाईट सांगतलं त?"

"सोळा आने खरं."

"मंग आयक. ग्यानबाभाऊ, तुमीबी आयका. आमच्या घरात एक मानूस वाईट हाय. त्यानं साऱ्या दुनियेची चौकशी केली. सोताच्या नातीनं त्याले आपलं काम सोताहून सांगतलं, त त्याले ते समजलं नाही. आन् समजलं नाही म्हनून त्यानं तिलेच वाईट म्हटलं. पाह्यलं नाही, पारखलं नाही, दाढीच्या खुर्चीत बसून बोलून गेला. अशा मानसाच्या शब्दावर यापुढं कोनी सोयरीक जोडू नये आन् तोडू नये. मी घरचा हाओ आन् घरच्याचं वाईट सांगून राह्यलो. धर सोळा आने, सेवादास."

सेवादासच्या डोळ्यांत पाणी आलं. आपला उस्ताद काय देऊन बसला ते त्याच्याइतकं तिथं कोणालाच कळत नव्हतं. न पाहता बोललो हे चौकशीवाल्यानं एकदा कबूल केलं की त्याचं दुकान बंद. ही गोष्ट गाडीच्या आधी शेलूबाजारला पोचणार होती, आणि पोचलीही. तेव्हापासून "जानराव जाऊन आले काय" हा प्रश्न कोणी विचारला नाही.

"मंग तुमचा तो सलूनमधला शब्द," सेवादास हळूच म्हणाला, "त्याच मानसाचा."

"त्याच मानसाचा."

ग्यानबा मिशीवरून हात फिरवत राहिला. वाईट शब्द गेला, पण चांगला शब्द आणायचा कुठून? पुन्हा कोणाला विचारायचं? सलून, गिरणी, कापडवाला? तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून सोपानची आई बोलली.

"एवढ्या लोकांले इचारलं म्हनता. पन त्या पोरीले कोनी इचारलं काय?"

तिघंही तिच्याकडं पाहतच राहिले. जानरावांनी इतकी घरं पालथी घातली होती, इतक्या मुलामुलींवर बरेवाईट शेरे मारले होते, पण ज्याची चौकशी त्यालाच समोर बसवून विचारावं हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

निकिता सुट्टी काढून आली आणि अनसिंगची मंडळीही आली, सेवादाससकट. पुढच्या खोलीत सतरंजी टाकली. चहापाणी झाल्यावर सोपानच्या आईनं तिला जवळ बसवून सरळच विचारलं, "बाई, तू त्या अंधाऱ्या खोलीत काय करते वं?"

निकितानं उत्तर द्यायच्या आधी जानरावांकडं पाहिलं. भुवया जराशा वर, ओठ मिटलेले. ही पाहण्याची तऱ्हा जानरावांना ओळखीची होती. घरात कोणी काही विचारलं की ती आधी अशीच त्यांच्याकडं पाहायची, हे त्यांच्या आज ध्यानात आलं. ते काठी घेऊन उठले आणि स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात जाऊन पायरीवर बसले. मागच्या अंगणात बसून ऐकायची सवय तर जन्माची होती.

आधी आवाज हळू होता. मग खोलीचं दार लोटल्याचा आवाज आला, कोणीतरी "आग्गो बाई!" म्हणालं, म्हणजे नळ्या पेटल्या असाव्यात. मग निकिता बोलत राहिली. चकती, भोकांच्या रांगा, दांडातलं पाणी. एकेका कणानं निरोप धाडला आणि वाटेत कोणी चोरून डोकावलं, तर डोकावल्याची खूण त्या उजेडावर उमटते आणि दोन्ही टोकांच्या माणसांना समजतं, असं ती म्हणाली तेव्हा सेवादास मोठ्यानं खाकरला आणि सगळे हसले. पायरीवर जानरावांचे कान तापले. ग्यानबानं विचारलं, खोलीत कोण असतं? निकिता म्हणाली, कधी मी एकटी असते, कधी एक मैत्रीण असते, आणि यंत्राच्या घरघरीनं डोकं उठतं. साधं उत्तर होतं. तिला हा प्रश्न ग्यानबाकडून टोचला नाही, कारण त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मग ती हसली. फोनवर मैत्रिणीशी हसायची तशी, खदखदून. जानरावांनी ते हसू नेहमी मागच्या अंगणातून येताना ऐकलं होतं. आज ते घरातून येत होतं आणि मागच्या अंगणात ते स्वतः बसले होते.

"एवढं बोलते वं तू," सोपानची आई म्हणाली. "आन् सारे सांगतात, पोरगी घरात मुकी असते."

मग निकिताचा आवाज आला, त्यात राग नव्हता.

"मुकी नाही, मावशी. माह्याबद्दल समद्यांले इचारतात. इथं मले कोनी इचारलंच नाही."

जानरावांनी काठी पायरीवर आडवी ठेवली. डोळ्यांना पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही, पाहायला कोणी नव्हतंच. थोड्या वेळानं आतून सुपारी फोडल्याचा आवाज आला, आणि रंगूबाई चहाचा कप घेऊन मागं आली.

"झालं, पक्कं झालं," ती म्हणाली. "आयकलं काय पोरगी काय बोलली ते?"

"आयकलं." जानराव कपाकडं न पाहता बोलले. "तिले नाचता येत होतं, रंगू. आंगनच वाकडं होतं."

रंगूबाईनं कप त्यांच्या हातात दिलाच नाही. तो तिनं तसाच एका हातात धरला आणि दुसऱ्या हातानं त्यांची काठी त्यांच्याकडं केली.

"चहा तिथं ठेवते, पोरीच्या जवय," ती म्हणाली. "आता वळसा घाला आन् समोरून या."